समोरच्याची बाजू

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. आई म्हणते, ही पाळण्यातूनच भांडत आली. त्यामुळे ताई आमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहिली आणि प्रतिनिधी म्हणून तिनं माझं नाव दिलं, तेव्हा तिच्या मैत्रिणी तिला समजवायला धावल्या. प्रतिनिधी म्हणजे उमेदवाराच्या वतीनं मतदानाच्या खोलीत आणि मोजणीच्या टेबलाशी बसणारा माणूस. तिथं डोकं थंड लागतं.

"थंड डोकं माझ्याकडे आहे," ताई म्हणाली. "मला हिचे डोळे हवेत."

ताईचं उभं राहण्याचं कारण एकच होतं आणि ते लोखंडाचं होतं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री आठला बंद व्हायचं. ग्रंथालय दहापर्यंत उघडं. अभ्यासाची महागडी जाडजूड पुस्तकं खोलीवर नेता येत नाहीत, तिथंच बसून वाचावी लागतात. म्हणजे रोज आठच्या आधी ग्रंथालयातल्या सगळ्या मुली पुस्तकं मिटून, दप्तरं खांद्याला लावून फाटकाकडे धावत सुटायच्या आणि मुलं पाय पसरून आरामात वाचत राहायची. मुलांच्या वसतिगृहाला फाटकच नव्हतं. नुसते दोन खांब होते, त्यातला एक वाकलेला.

रेक्टरबाई म्हणायच्या, "माझ्या एकटीच्या हातात काही नाही. अध्यक्षानं विद्यापीठाच्या बैठकीत विषय मांडू दे, मग बघू." त्या बैठकीत विद्यार्थ्यांतले दोघंच बसतात, अध्यक्ष आणि त्यानं नेमलेला सचिव. आदल्या वर्षीच्या अध्यक्षानं फाटकाचा विषय मांडायचं वचन दिलं होतं. निवडून आल्यावर तो ते वचन इतकं विसरला, की आठवण करून दिली तर "कुठलं फाटक?" असं विचारायचा. तेव्हा ताई म्हणाली, आता मीच उभी राहते.

समोर होता कॅप्टन. हा आमच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन, उंचापुरा, हसरा, भांडायला अजिबात सोयीचा नाही असा. त्याला मैदानावर दिवे हवे होते. त्याच्याच संघातला त्याचा प्रतिनिधी मात्र माझ्या तोलाचा होता. त्याला सगळे भोंगा म्हणत. तो कानात काही सांगायला लागला तरी शेजारच्या वर्गातला तास थांबायचा.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर होती फूटपट्टी.

ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. आमच्याकडे निवडणूक विद्यार्थीच घेतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकतात, ज्याची निघेल तो निवडणूक अधिकारी. यंदा चिठ्ठी निघाली फूटपट्टीची, आणि ती ताईच्याच खोलीत राहायची. दोघींचा कंगवा एक, चहाचं पातेलं एक. फाटकाकडे धावताना तिची चप्पल तुटली होती, तीसुद्धा ताईनंच शिवून आणली होती. फूटपट्टीनं नोटीस लावली, 'उमेदवार माझी खोलीतली मैत्रीण आहे. कुणाची हरकत असेल तर मी बाजूला होते.' दिवसभर वाट पाहून तिनं कॅप्टनच्या लोकांना बोलावून घेतलं. भोंगा म्हणाला, "फूटपट्टी असेल तर आमचं काही म्हणणं नाही." हे वाक्य तेव्हा मला टोमण्यासारखं वाटलं. तो टोमणा नव्हता.

त्या दिवसापासून तिनं खोली बदलली. निकालापर्यंत ती खालच्या मजल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलींत गादी टाकून झोपली. शिवाय आणखी एक जाहीर केलं, निवडणूक जो घेईल त्यानं मत द्यायचं नाही. असा नियम आधी नव्हता. तिनं तो स्वतःपुरता केला आणि सूचनाफलकावर लावून टाकला. मला वाटलं, काय हा देखावा! आपलं एक हक्काचं मत गेलं याचा राग मी दोन दिवस धरून होते.

मग पोस्टरं लागली. हातानं रंगवलेलीच हवीत आणि ठरलेल्या मापाच्या आतच हवीत, असा दंडक होता. ग्रंथालयाच्या दाराशी आम्ही लावलेलं पोस्टर म्हणजे माझी रात्रभराची कारागिरी होती. बंद फाटक, बाहेर पुस्तकं छातीशी धरलेली मुलगी. फूटपट्टी आली, तिनं पिशवीतून खरोखरची फूटपट्टी काढली, माप घेतलं आणि म्हणाली, "बोटभर जास्त आहे. काढ."

"बोटभरानं कुणाचं काय बिघडतंय?"

"कुणाचं नाही. काढ."

"अगं, तूही त्याच फाटकातून धावतेस ना?"

"धावते," ती म्हणाली. "म्हणूनच काढ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोस्टर फाडून काढलं, ते दुमडून लहान करता आलं असतं हे नंतर सुचलं. पुढच्याच वळणावर ती कॅप्टनच्या पोस्टरला फूटपट्टी लावून उभी होती आणि भोंगा तावातावानं तिला सांगत होता की कागद दमट हवेनं वाढलाय. तेव्हा मला जरा गार वाटलं.

मतदानाच्या आधी उमेदवारांची भाषणं आणि प्रश्नोत्तरं असतात. ताई फाटकावर बोलली, शांतपणे, मुद्द्याला धरून. भोंगा उठला. "मैदानाचा फायदा सगळ्यांना आहे. फाटक हा काय निवडणुकीचा मुद्दा झाला? आठपर्यंत अभ्यास उरकत नाही का?"

सभागृह हसलं. उत्तर ताईनं द्यायचं होतं, पण मी आधीच उभी राहिले होते. "तू एकदा पुस्तक अर्ध्या वाक्यात मिटून बघ! धावत जाऊन बघ! दम लागलेला असताना ते वाक्य पुढं काय होतं ते आठवून बघ! मग विचार. आणि आवाज कमी कर!"

फूटपट्टीनं मला सभागृहाबाहेर काढलं. प्रतिनिधीला बोलायची परवानगी नव्हती. भोंग्यालाही माझ्या मागोमाग काढलं, कारण प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायचे होते, प्रतिनिधींनी नाही. आम्ही दोघं व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो. आतून टाळ्या ऐकू येत होत्या, कुणासाठी ते कळत नव्हतं.

मतदानाच्या सकाळी फूटपट्टीनं रिकामी पेटी आम्हा दोघांसमोर उलटी करून झटकली. भोंग्यानं आत हात घालून चाचपलं. मग झाकण लावून दोरा बांधला आणि गाठीवर लाख ओतली. मतपत्रिका साधी होती. वर ताईचं नाव, खाली कॅप्टनचं, प्रत्येकापुढे एक चौकोन. चौकोनात फुलीचा शिक्का मारायचा, कागद मधोमध दुमडायचा आणि पेटीत टाकायचा. आदल्या वर्षी शिक्के फिके उठले म्हणून बरीच मतं बाद झाली होती. तसं यंदा होऊ नये म्हणून फूटपट्टीनं शाईच्या गादीत स्वतः शाई ओतली आणि सढळ हातानं ओतली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काहीतरी न मोजता केलं असावं.

दिवसभर रांग हटली नाही. ओळखपत्र बघायचं, यादीत खूण करायची, बोटाला शाई लावायची, मतपत्रिका द्यायची. फूटपट्टी उभीच होती. एका मुलीच्या हाताला प्लास्टर होतं, तिला शिक्का धरता येईना. फूटपट्टीनं तिला मदत करायला तिच्याच पसंतीची मैत्रीण बोलावून घेतली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भोंगा आणि मी समोरासमोर बसून डोळ्यांत तेल घालून एकमेकांवर पाळत ठेवत होतो. दुपारी त्यानं आपल्या डब्यातला अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. मी नको म्हटलं आणि थोड्या वेळानं खाल्लं.

संध्याकाळी भूगोल विभागातल्या लांब टेबलावर पेटी फोडली. पहिलीच मतपत्रिका उलगडली आणि फूटपट्टीचा चेहरा उतरला.

दोन्ही चौकोनांत फुल्या होत्या.

काय झालं ते क्षणात सगळ्यांना कळलं. शाई ओली होती. कागद मधोमध दुमडला की वरचा चौकोन बरोबर खालच्यावर येत होता. एकाला मारलेली फुली दुसऱ्यावर उमटली होती. आणि फुली आरशात बघितली तरी फुलीच दिसते. बहुतेक मतपत्रिकांवर खरी फुली गडद आणि ठसा पुसट होता, त्यामुळे अडचण नव्हती. पण ज्या घाईनं दुमडल्या होत्या त्यांच्यावर दोन्ही फुल्या जवळजवळ सारख्या होत्या.

फूटपट्टी उभी राहिली. "शाई मी भरली," ती म्हणाली. "चूक माझी आहे. दोघंही उमेदवार म्हणत असतील तर मी हे मतदान रद्द करते आणि सगळं पुन्हा घेते. आत्ताच ठरवा. कोण पुढं आहे हे कुणालाच माहीत नाही, तोवर."

तिचा आवाज स्थिर होता, पण टेबलावर टेकलेली बोटं पांढरी पडली होती. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती आणि पुन्हा निवडणूक म्हणजे पुन्हा सगळी यातायात. कॅप्टन म्हणाला, "मोजू या." ताई म्हणाली, "मोज गं. तू मोजतेस म्हटल्यावर मला चिंता नाही."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. फार पूर्वी अशाच शंकेच्या मतपत्रिकांवरून या खोलीत खुर्च्या उडाल्या होत्या म्हणे. तेव्हापासून नियम आहे, की शंकेच्या मतपत्रिकेवर प्रतिनिधीनं आपल्या उमेदवाराची बाजू मांडायची नाही. समोरच्याची मांडायची. दोघांचं ऐकून अधिकारी निर्णय देतो. ऐकायला हा नियम गमतीचा वाटतो. त्या टेबलाशी बसलं की गंमत संपते.

स्पष्ट मतपत्रिका मोजून झाल्या. दोन्ही गठ्ठे हातात हात घालून चालले होते. मग शंकेच्या सुरू झाल्या.

मला वाटलं, भोंगा पाट्या टाकणार. 'हो, असेल बहुतेक वरची,' असं काहीतरी पुटपुटेल आणि सोडून देईल. पण त्यानं पहिलीच मतपत्रिका दिव्याजवळ नेली आणि त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "वरची फुली खरी आहे. हिच्या कडा बघा, ठसठशीत आहेत. खालचीच्या कडा पसरल्यात. हे मत ताईंचं." माझ्या ताईला तो ताई म्हणाला. दुसरीवर तसंच. तिसरीवर तर तो फूटपट्टीशी वाद घालायला लागला, ती कॅप्टनच्या बाजूनं झुकत होती आणि हा आमच्यासाठी भांडत होता. कॅप्टन मागं भिंतीला टेकून हसत होता, पण हसणं जरा ओढूनताणून आणलेलं दिसत होतं.

आणि मी? मीही मांडली कॅप्टनची बाजू. आधी दात ओठ खाऊन, मग जरा नीट. समोरचा माणूस तुमच्यासाठी घसा फोडत असताना तुम्ही पुटपुटू शकत नाही, लाज वाटते.

शेवटची शंकेची मतपत्रिका उरली तेव्हा दोघांची मतं सारखी झाली होती. ताईनं माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिली.

दोन्ही फुल्या सारख्याच गडद होत्या. कडाही सारख्या. वरची, म्हणजे ताईची, कणभर जास्त काळी वाटत होती. भोंगा म्हणाला, "मला वरची वाटते. मी तरी वरचीच म्हणेन." फूटपट्टीनं मतपत्रिका डोळ्यांसमोर धरली. दिवा तिच्या मागं होता आणि मी समोर. कागदाची पाठ माझ्याकडे होती.

आणि मला दिसलं. खालच्या चौकोनाच्या मागं शाई झिरपली होती, अगदी टाचणीच्या टोकाएवढी. शिक्का जिथं दाबतात तिथंच शाई आरपार जाते. ठसा नुसता वर बसतो. वरच्या चौकोनामागं कागद कोरा होता.

हे मला एकटीलाच दिसत होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. "मला खालची वाटते," एवढं मोघम बोलून नियम पाळला असता आणि हातातोंडाशी आलेलं फाटक आमचं झालं असतं. रोज धावणाऱ्या मुली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मला फूटपट्टीचा, भोंग्याचा, त्या कागदाचा, सगळ्यांचा भयंकर राग आला.

"मागून बघ," मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच जणू. "कागद उलटा कर. खालच्या फुलीची शाई मागं आलीय. हे मत कॅप्टनचं आहे."

फूटपट्टीनं कागद उलटा केला. बराच वेळ बघितलं. मग तो बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बरोबर. पण मग आधीच्याही सगळ्या मागून बघायच्या."

आम्ही सगळ्या पुन्हा बघितल्या, एकेक. सगळे निर्णय बरोबर निघाले. भोंग्यानं आमच्यासाठी भांडून मिळवलेलं तिसरं मतसुद्धा.

ताई एका मतानं हरली.

कॅप्टनच्या पोरांनी बाहेर आरडाओरडा सुरू केला. ताईनं निकालाच्या कागदावर सही केली आणि कॅप्टनचा हात हातात घेतला. मी मात्र फूटपट्टीसमोर जाऊन उभी राहिले. "एक मत," मी म्हणाले. "तुझं एक मत असतं तर बरोबरी झाली असती. चिठ्ठ्या टाकल्या असत्या. काय मिळालं तुला त्यावर पाणी सोडून?"

ती लाखेचे तुकडे गोळा करत होती. हात थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिनं ते लपवलं नाही.

"आत्ता मला तेच आठवतंय," ती म्हणाली. "तुझ्याआधीपासून."

ताईनं मागून येऊन माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि फूटपट्टीच्या हातातून लाखेचे तुकडे काढून घेतले. "चल वर. आज आपल्या खोलीत झोप. माझ्याकडे चहा आहे आणि पातेलं तुझ्या नावानं रडतंय." दोघी गेल्या, आठच्या आत. फाटक वेळेवर बंद झालं. मी उशीवर डोकं ठेवून रडले आणि त्याबद्दल मला काडीचाही संकोच नाही. त्या दोघींसारखं होता आलं तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. अजून वाटतं.

विद्यापीठाची बैठक पंधरवड्यानं होती. तिच्या आदल्या दिवशी कॅप्टन ताईकडे आला. "तुझे फाटकाचे कागद देशील?" ताईनं दिले. तो गेल्यावर मी म्हणाले, "याच्या होड्या करेल तो." ताई म्हणाली, "मग बैठकीला बाहेर जाऊन बसू. होड्या आल्या तर दिसतील."

आम्ही तिघी कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. ताई, फूटपट्टी आणि मी. दार जाड लाकडाचं, घट्ट बंद. आधी मैदानाच्या दिव्यांचं काहीतरी झालं असावं, काहीच ऐकू आलं नाही, कारण त्यावर कॅप्टन बोलत होता. मग खुर्ची सरकली. कॅप्टननं सचिव नेमलं होतं भोंग्याला.

"पुस्तक अर्ध्या वाक्यात मिटून बघा!" दारातून आवाज आला. "धावत जाऊन बघा! दम लागलेला असताना ते वाक्य पुढं काय होतं ते आठवून बघा! मी बघितलंय. परवा संध्याकाळी मी ग्रंथालयातून मुलींच्या फाटकापर्यंत पळालो. खेळाडू आहे मी, तरी मला काही आठवलं नाही!"

ताईनं तोंडाला पदर लावावा तसा हात लावला. फूटपट्टी सरळ समोर बघत होती, पण तिचे ओठ हलत होते, ती त्याचे मुद्दे मोजत असावी. आत रेक्टरबाई काहीतरी म्हणाल्या, भोंगा त्यांना म्हणाला, "बाई, आठ वाजता विद्या संपत नाही." कुणीतरी हसलं. मग आतलं काही ऐकू येईना आणि मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली.

दार उघडलं. भोंगा घामाघूम होऊन बाहेर आला. त्याला आम्ही तिथं असू असं वाटलं नव्हतं, तो एकदम दचकला.

"झालं," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारपासून. ग्रंथालय बंद होऊन मुली परत येईपर्यंत फाटक उघडं." मग माझ्याकडे बघून कान खाजवत म्हणाला, "फार मोठ्यानं झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "अजून थोडं मोठ्यानं चाललं असतं."